तांब्याची बाजू

कुठलीही वस्तू हातात आली की ते आधी ती उजेडावर धरायचे आणि मग उलटी करून पाठीकडून बघायचे. लग्नाची पत्रिका असो, पापड असो, डॉक्टरचा कागद असो. कारखान्यातल्या एका मुलीनं साखरपुड्याचा पेढा दिला, तर तोही त्यांनी खिडकीकडे धरला. "पेढ्यातल्यान कितें दिसता हो सर?" असं तिनं विचारलं तेव्हा ते स्वतःच हसले, पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "सवय गो. उजवाडार धर, मागीर उलय."

उजेडावर धर, मग बोल. हे त्यांचं वाक्य. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याचा चेहरा आठवायच्या आधी त्याचं वाक्य कानात येतं. मला तर हल्ली बाजारात कुणी नारळ हलवून बघताना दिसलं तरी ते वाक्य ऐकू येतं, आणि मग पिशवी घेऊन जरा बाजूला उभं राहावं लागतं.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. त्यांनी आपल्या कामावर कधी नाव घातलं नाही, मग मी कशाला घालू. कारखान्यात सगळे त्यांना 'फिल्मवाले सर' म्हणत. सिनेमाशी त्यांचा काही संबंध नव्हता. त्यांचं काम काय होतं ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

गोवा राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षांत आमच्या पेडण्यात तुयेच्या इस्टेटीत कारखाने आले. त्यातल्या एकात मी लागले. शिक्षण नववी, तेही धड नाही, पण मी शिवणकाम करायची आणि त्यांना बारीक कामाचे हात हवे होते. टेलिफोन किंवा रेडिओ उघडला की आत एक हिरवी पाटी दिसते, तिच्यावर छोटे छोटे भाग बसवलेले असतात, तो बोर्ड. भागांचे पाय पाटीच्या भोकांतून पलीकडे काढायचे आणि पाठीमागच्या तांब्याच्या रेघांना सोल्डरनं चिकटवायचे, हे आम्हा बायकांचं काम. मी त्या ठिपक्याला टाका म्हणायची, म्हणून सगळी लाइन टाका म्हणू लागली. एखादा टाका कच्चा निघाला की तपासणीवाली त्याच्याशी एक बारीक लाल बाण चिकटवायची आणि बोर्ड परत आमच्याकडे यायचा. टाका आपण दुरुस्त करायचा आणि बाण स्वतःच्या नखानं काढायचा, असा नियम.

त्या तांब्याच्या रेघा कुठून जायच्या ते मात्र फिल्मवाले सर ठरवायचे. त्यांच्या खोलीत काचेचं टेबल होतं आणि काचेखाली दिवे. वर पारदर्शक फिल्म पसरायची, तिच्यावर भोकांसाठी गोल काळ्या चकत्या आणि रेघांसाठी काळी चिकटपट्टी, सगळं हातानं, ब्लेडच्या टोकानं. चकत्यांना मधे भोक असल्यामुळे आम्ही त्यांना वडे म्हणायचो. ते दुप्पट मोठं चित्र मग फोटो काढून लहान करत आणि तांब्यावर उतरवत. सर चित्र नेहमी तांब्याच्या बाजूनं काढत. आपण ज्याला बोर्डाची पाठ म्हणू तेच त्यांना तोंड. "वयर कितें, भाग कोणूय बसयता," ते म्हणायचे. "चलता तें तांब्यांतल्यान." वर काय, भाग कुणीही बसवतो, जे चालतं ते तांब्यातून.

आणि कॅमेऱ्याकडे पाठवायच्या आधी ते फिल्म दोन्ही हातांनी खिडकीपाशी धरून उभे राहायचे. पुढून बघायचे, उलटी करून बघायचे. तोवर त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही.

मग कंपनीत कॉम्प्युटर आले. रेघा बाहेरून आखून येऊ लागल्या. एका दुपारी चौघांनी ते काचेचं टेबल उचलून मागच्या शेडमध्ये नेलं, तेव्हा सर दारात उभे राहून "कोपरो सांबाळ, कोपरो सांबाळ" असं सांगत होते. भंगारात जाणाऱ्या टेबलाचा कोपरा. पुढची वर्षं त्यांनी स्टोअरमध्ये खोकी मोजून काढली. तिथे त्यांच्या हाताचा कंप सुरू झाला. पुढे ते निवृत्त झाले, त्यानंतर आमची लाइन बंद पडली आणि मीही घरी बसले.

ते राहायचे आमच्या घरापासून दोन वळणांवर. कारखाना सुटल्यावर मी त्यांना भाऊ म्हणू लागले आणि त्यांच्या बायकोला वैनी. वैनीचं माहेर कारापूरचं. बोलायला अशी की विहिरीवर ती आली की बाकीच्यांच्या कळशा भरूनही कुणी घरी जायचं नाही. नवऱ्याची नक्कल तर अशी करायची, भाकरी उजेडावर धरून, की भाऊसुद्धा पाठ फिरवून हसायचे. त्यांना मूलबाळ नव्हतं. तिचं बोलणं हेच त्या घरातलं सगळं माणूसपण होतं.

ते बोलणं एका सकाळी थांबलं. अर्धं अंग गेलं, वाचा गेली. उजव्या हाताची दोन बोटं तेवढी हलायची. डोळे मात्र तसेच, सगळं सांगणारे.

भाऊंनी तिच्यासाठी घंटी केली. बाजारात घंट्या मिळतात, पण त्यांचं बटण दाबायला जोर लागतो आणि तो जोर तिच्यात नव्हता. म्हणून त्यांनी पितळेची एक पट्टी केली. तिला नुसतं बोट टेकलं की रांदच्या खोलीत, म्हणजे स्वयंपाकघरात, घंटी वाजायची. आत सगळी करामत एका आठ पायांच्या भागाची. आम्ही त्याला किडा म्हणायचो. तो किडा आणि बाकीचं त्यांनी भोकाभोकांच्या तयार पाटीवर जोडलं होतं, पाठीमागून तारा ओढून, थरथरत्या हातानं. टाके जाडेभरडे आले होते. मी म्हटलं, "भाऊ, माका द्या, मी करतंय." तर म्हणाले, "वाजता मगो? रावूं दी." वाजते ना, मग राहू दे.

ती एकदा वाजली नाही.

पाडेली नारळ काढायला आला होता म्हणून भाऊ मागच्या कुळागरात, नारळी-पोफळीच्या बागेत गेले. वैनीला तहान लागली. तिनं बोट टेकलं. आत कुठेतरी तार सुटली होती. तिनं परत टेकलं, परत टेकलं. मग तिनं पाण्याच्या तांब्याकडे हात न्यायचा प्रयत्न केला आणि अर्धी खाटेवरून खाली लोंबकळली. भाऊ आले तेव्हा दोन तास होऊन गेले होते. ती रडली नाही. तिनं डोळे मिटून घेतले, आणि भाऊंनी तार त्याच दिवशी परत चिकटवली तरी पुढचे दोन दिवस बोट पट्टीला लावलं नाही.

हे त्यांनी मला आमच्या पडवीत बसून सांगितलं. म्हणाले, "बाय, तिका आतां घंटेचेर विश्वास ना. म्हजेर आसा, घंटेचेर ना. माका बोर्ड जाय. तारांचो न्हय. छापील."

त्यांना छापील बोर्ड हवा होता, म्हणजे तारा नाहीत, सगळं तांब्यात कोरलेलं, सुटायला काही नाही. पण तो आखायचा कसा? काचेचं टेबल नाही, फिल्म मिळत नाही, आणि मिळाली असती तरी त्या हातांनी ब्लेड धरणं शक्य नव्हतं.

आमच्या घरी धाकटीला शाळेत असताना सरकारी योजनेतून मिळालेला कॉम्प्युटर होता. ती नोकरीला पुण्याला गेली, आणि तो क्रोशाच्या कव्हराखाली बसून होता. मी तिला फोन करून विचारलं. ती म्हणाली, "आई, बोर्ड आखायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं." पुढच्या खेपेला आली तेव्हा तिनं ते घालून दिलं, शिकवणारे काही व्हिडिओ ठेवले आणि परत गेली.

भाऊंना आधी तो फुकटपणाच पटेना. "फुकट कित्याक दितात?"

धाकटीनं सांगितलं होतं तसं मी सांगितलं, की जगभरच्या माणसांनी थोडं थोडं लिहून ते सगळ्यांसाठी उघडं ठेवलंय, कुणीही घ्यावं, सुधारावं.

ते विचार करून म्हणाले, "म्हळ्यार झरीचें उदक."

"तसांच."

"मागीर जाता." मग चालेल.

वैनीपाशी बसायला त्यांची पुतणी दुपारी एक तास यायची. तेवढा एक तास आमची शाळा. शिगमा होऊन दोनेक महिने झाले होते. पडवीत ऊन यायचं म्हणून मी कॉम्प्युटरवर जुनी साडी बांधली होती, तिच्याखाली आम्ही दोघं. आमचे हे बस चालवून निवृत्त झालेले, त्यांना दुसरा उद्योग नव्हता. आतून चहा घेऊन येताना विचारायचे, "काय गो, गावाचो नकाशो जालो काडून?" शेजारीण एकदा कुंपणावरून बराच वेळ वाकून बघत राहिली, तर यांनी तिलाही कप नेऊन दिला.

पहिल्या दिवशी भाऊंनी माउस धरला. पडद्यावरचा बाण लटलट कापू लागला. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "बाणाक हिंव भरलां." मग हात मागे घेतला, मांडीखाली दाबून ठेवला, आणि त्या दिवसापासून माउस माझा आणि डोकं त्यांचं.

मला इंग्रजी येत नव्हतं. मी एक वही केली आणि पडद्यावरची चित्रं तिच्यात काढली. हे दाबलं की रेघ, हे दाबलं की वडा, हे दाबलं की मोठं दिसतं. व्हिडिओतला गोरा माणूस भराभर बोलायचा, त्याचा आवाज आम्ही बंद केला आणि नुसते त्याचे हात बघितले, म्हणजे बाण कुठे जातो ते. रांगोळी शिकताना बाईच्या बोटांकडे बघतो तसं. दहा दहा वेळा मागे नेऊन बघायचो. चूक झाली की एक बटण दाबायचं, चूक नाहीशी. मला त्याची भारी मौज वाटली. भाऊंना नाही आवडलं. फिल्मवर चुकीची पट्टी ब्लेडनं उचलली की तिथे ओरखडा राहायचा. "चुकीचो वळ तरी उरूंक जाय," ते म्हणाले. "ना जाल्यार कळटलें कशें?" वळ उरायला हवा, नाहीतर कळणार कसं.

सॉफ्टवेअरमध्ये किडे तयार मिळतात, पाय मोजून ठेवलेले. भाऊंनी ते घेऊ दिले नाहीत. "तयार वडे नको. घाल एकेक." मग त्यांनी घरून आलेखाच्या कागदावर काढून आणलेलं चित्र मांडीवर घेऊन एकेक सांगायचं आणि मी एकेक वडा ठेवायचा. ते चित्र अर्थातच तांब्याच्या बाजूनं काढलेलं होतं. पडद्यावर बोर्डाचे दोन थर असतात, वरचा लाल, खालचा हिरवा. भाऊ म्हणाले, तांबं लालात घाल. आपल्याला जे समोर दिसतं ते तांबं. मी घातलं.

तुम्हाला वाटेल एवढ्याशा घंटीसाठी किती दिवस लागावेत. आम्हाला तीन महिने लागले. रेघ काटकोनात वळली की ते म्हणायचे, "अशी मोडूं नको, पळोवंक बरी दिसना." कुणाला दिसणार होती ती, डबीच्या आत? पण मी परत आखायची. मधे एकदा त्यांनी कागद घरी नेला, खिडकीपाशी धरून वैनीला दाखवला आणि पट्टीची जागा दाखवली. तिनं बोट हलवलं, नाही. अंगठ्याकडे दाखवलं. पट्टी अंगठ्याच्या बाजूला हवी होती तिला. दुसऱ्या दिवशी ते पडवीच्या पायऱ्या चढतानाच सांगत आले, "अंगठ्याकडेन, बाय. तिणें सांगलां." त्यांचा चेहरा मी तेव्हा बघितला. बायको परत बोलली होती त्यांच्याशी.

आता माझं सांगते.

बोर्ड आखून संपत आला तेव्हा वैनीला ताप आला आणि भाऊ तिला घेऊन म्हापशाच्या इस्पितळात राहिले. चवथ, म्हणजे गणपती, पंधरा दिवसांवर आली होती. मला वाटलं, ते परत येईपर्यंत बोर्ड करायला पाठवून देऊ, त्यांना सुखावू. धाकटीनं फोंड्याकडचा एक छोटा कारखाना शोधून दिला होता, तिथे फाइल पाठवायची, बोर्ड टपालानं यायचा.

पाठवायच्या आधी मी एकटीच बसून परत एक व्हिडिओ बघितला. त्यात त्या माणसानं एका बाजूचा बोर्ड आखला आणि तांबं खालच्या, हिरव्या थरात घातलं. मी चमकले. आमचं तर लालात. मला वाटलं, भाऊ जुने, त्यांना हे थरांचं कळलेलं नाही. तीन महिन्यांत मी शहाणी झाले होते ना. मी सगळं निवडलं, लालातून हिरव्यात टाकलं. एका बटणाचं काम. वळ उरला नाही.

भाऊ बरोबर होते. त्यांनी पाय मोजले होते तांब्याच्या बाजूनं आणि तांबं ठेवलं होतं समोर. तो माणूस भागांच्या बाजूनं बघत होता, म्हणून त्याचं तांबं खाली. दोघंही आपापल्या जागी बरोबर. मी भाऊंचं चित्र घेतलं आणि त्या माणसाच्या थरात ठेवलं, आणि सगळा बोर्ड आरशातला झाला. उजवं ते डावं.

कागदावर छापून उजेडावर धरला असता तर तेव्हाच कळलं असतं. घरी इंटरनेट नव्हतं म्हणून पेडण्यात ज्या दुकानातून फाइल पाठवली तिथे प्रिंटर होता. माझ्या कोपराला लागत होता. पण बाहेर आमच्याकडे येणारी कोरगावची बस हॉर्न वाजवत उभी होती, पिशवीत चवथीचं सामान होतं, आणि मी म्हटलं, तीन महिने बघतोय, आता काय बघायचं.

संध्याकाळी इस्पितळातून भाऊंचा फोन आला. "धाडलो?"

"धाडलो, भाऊ."

"उजवाडार धरलेलो मगो?"

मी म्हटलं, "धरलेलो."

एवढंच. एक शब्द.

बोर्ड आला चवथीच्या चार दिवस आधी. वैनी घरी आली होती. मी पाकीट न उघडता तसंच घेऊन गेले. भाऊंनी बोर्ड काढला, इतका सुंदर, तळहाताएवढा, आणि खिडकीकडे धरला. उलटा केला. परत सुलटा केला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मग आलेखाचा कागद काढून शेजारी धरला, आणि मलाही दिसलं. किड्याचा एक नंबरचा पाय जिथे जायचा तिथे आठवा जात होता.

"लाल तें हिरवें केलें तुवें," ते म्हणाले. विचारलं नाही, सांगितलं.

मी मान हलवली. ते मला रागावतील अशी मी वाट बघत होते. ते म्हणाले, "शिकतल्याक असां जाता." मी धरलेलो म्हटलं होतं त्याबद्दल तेव्हाही नाही आणि नंतर कधीच काही बोलले नाहीत.

मी म्हटलं, किडा पाठीकडून बसवते, पाय उलटे वाकवून. कारखान्यात कितीदा केलंय. आज संध्याकाळी घंटी सुरू होईल. त्यांनी खाटेकडे बघितलं. वैनी जागी होती. ते म्हणाले, "ना बाय. हेका कसलीच जोडणी नाका. फुडें सुटत जाल्यार ती परत विश्वास दवरची ना. नवो कर." पुढे सुटलं तर ती परत विश्वास ठेवणार नाही, म्हणून नवाच.

त्या दिवशी मी हट्ट धरायला हवा होता. त्यांनी तरी ऐकायला हवं होतं. या एका जागी आम्ही दोघंही चुकलो, असं मी म्हणते, आणि मग वाटतं, त्या जागी त्यांना आणलं कुणी?

नव्या बोर्डाची फाइल मी त्याच दिवशी केली, छापली, त्यांनी ती उजेडावर धरली, आणि पाठवली. पण चवथ आली. चवथीत आमच्याकडे सगळंच थांबतं, फोंड्याकडचा कारखानाही बंद. बोर्ड पंधरा दिवसांनी येणार होता.

त्या चवथीला त्यांच्या घरी मी माटोळी बघायला गेले. गणपतीच्या वर फळंपानं बांधतात ती माटोळी आपण उभ्यानं बघतो. भाऊ वैनीच्या खाटेशेजारी जमिनीवर आडवे पडले होते, डोकं तिच्या डोक्याशी, आणि तिथून वर बघत होते. मग उठून स्टुलावर चढले, एक तोरिंगणाचं फळ मागे होतं ते पुढे बांधलं, परत येऊन आडवे पडले. "आतां दिसता?" वैनीचा अर्धा चेहरा हसला.

दीड दिवसाच्या विसर्जनानंतर आठव्या दिवशी, दुपारी, ती गेली. भाऊ तेव्हा न्हाणीकडे चुलीची लाकडं रचत होते. जुनी घंटी, तारांची, तशीच तिच्या उशाशी होती.

मी लगेच गेले, सगळे जातात तशी. पण विचारायचं धाडस मला बाराव्यानंतर झालं. भाऊ पलंगावर बसून तिची पातळं घडी करत होते. एकेक उजेडावर धरायचे, कुठे विरलंय का बघायचे, आणि ठेवायचे.

मी म्हटलं, "भाऊ, त्या दिसा घंटी…"

त्यांनी पातळ खाली घेतलं नाही. त्याच्या पलीकडून म्हणाले, "वाजली गो. वाजली. हांव आयलों. तिका उदक दिलें, चमच्यान. दोन चमचे पियेली. मागीर गेली."

मला रडू आलं. बरं वाटून आलं, खोटं कशाला बोलू. दोन चमचे पाणी पिऊन गेली. म्हणजे माझ्या त्या एका शब्दाचं ओझं तिच्यावर पडलं नव्हतं. मी घरी येऊन यांनाही सांगितलं, घंटी वाजली म्हणून. त्या दिवशी मला झोप लागली.

नवा बोर्ड बाराव्याच्या आधीच टपालानं येऊन पडला होता. भाऊ आमच्या पडवीत आले, त्यांनी तो पुढून बघितला, पाठीकडून बघितला आणि म्हणाले, "बरोबर." मी भाग बसवले, टाके घातले, असे टाके मी कारखान्यातही कधी घातले नव्हते. पट्टी जोडली. मी बोट टेकलं, आणि अशी खणखणीत वाजली की आमचे हे आतून "कोण आयलां?" म्हणत बाहेर आले.

भाऊ ऐकत बसले. घंटी थांबल्यावरही थोडा वेळ ऐकत बसले. मग म्हणाले, "हां. अशी वाजूंक जाय आसली." अशी वाजायला हवी होती.

तेव्हा मला वाटलं, ते आवाजाबद्दल बोलताहेत.

तो बोर्ड त्यांनी घरी नेला नाही. "कोणाक तरी दी," म्हणाले. गावात एक म्हातारे अंथरुणावर होते, त्यांना दिला. त्यांच्या सुनेनं दुसरीकडे सांगितलं. मग मी आणखी केले. पार्सें, मांद्रें, पलीकडे सातार्ड्यापर्यंत कुणाकुणाच्या उशाशी आहेत. प्रत्येक वेळी मी कागदावर छापते आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहते. आमचे हे आता मला हसत नाहीत.

भाऊ त्यानंतर फार कमी बाहेर पडले. येत, पडवीत बसत, चहा घेत, पण कॉम्प्युटरकडे पाठ करून. एक दिवस म्हणाले, "घर खूब वगी जालां गो." घर फार गप्प झालंय. दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात ते झोपेतच गेले.

पुतणीनं घर आवरलं तेव्हा ती एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन माझ्याकडे आली. "काकी, कसलेंशें तारांचें आसा. तुकाच कळटलें." डब्यात ब्लेडं होती, काळ्या पट्टीचं एक रीळ, कारखान्यातल्या लाल बाणांची अर्धी शीट, मी केलेला तो आरशातला बोर्ड, आणि तळाशी, रुमालात गुंडाळलेली, वैनीची जुनी घंटी. ती तारांची पाटी.

मी ती बाहेर पडवीत आणली आणि उजेडावर धरली. पाठीकडून बघितली.

एका तारेचं टोक सुटून वर आलं होतं. टाका कच्चा, त्यांच्याच हातचा, जाडाभरडा. त्याच्याशी एक बारीक लाल बाण चिकटवलेला होता, नीट, सरळ, कंप पावणाऱ्या हातानं किती वेळ घेऊन चिकटवला असेल कोण जाणे.

म्हणजे त्यांनी शोधलं होतं. ती गेल्यावर कधीतरी, पाटी उलटी करून, खिडकीपाशी धरून. घंटी का वाजली नाही ते त्यांनी शोधून काढलं होतं आणि बाण स्वतःच्या टाक्याला लावला होता. दोन चमचे पाणी नव्हतं. कुणी आलं नव्हतं. तिनं बोट टेकलं असेल, परत टेकलं असेल. हे सगळं त्यांनी पातळाच्या आड धरलं आणि मला वाजली म्हणून सांगितलं, चमच्यासकट.

मी त्यांना एक शब्द खोटं बोलले होते. ते त्यांनी असं फेडलं.

कच्चा टाका दुरुस्त करायला मला दोन मिनिटं लागली असती. सोल्डरिंगची गन तिथेच टेबलावर होती. केलं की बाण आपल्या नखानं काढायचा, तो नियम अजून लक्षात आहे. मी गन तापवली. ती तापून धूर येऊ लागला, आणि मी पाटी हातात धरून तशीच बसले, आमच्या ह्यांनी येऊन बटण बंद करेपर्यंत.

पाटी कपाटात आहे. बाण तसाच आहे.